शेवटच्या शिट्टीनंतर

मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल संघ २०१० साली बंद झाला. मोसम अजून चालू होता, मार्च महिना होता, आणि कंपनीने जाहीर केले की यापुढे आपला व्यावसायिक संघ असणार नाही, शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे आपण लक्ष देऊ. संघाची कमाई मोजायला सोपी आहे. ड्युरँड करंडक तीनदा (१९९८, २००१, २००८), फेडरेशन करंडक दोनदा (२००३, २००५), २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि २००७ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेल्या फुटबॉलने अर्धशतक गाठायला दोन वर्षे बाकी असताना दुकान आवरले. करंडक कपाटात गेले. माणसे कुठे गेली?

हे पुस्तक त्या प्रश्नाचा माग काढते. क्लबमध्ये एकेकाळी खेळलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ती कुणाकडे गेली, काय शिकली, कशावर जगली, खेळ त्यांच्याजवळ किती राहिला, याची नोंद ठेवणे हा खेळाच्या इतिहासाचाच भाग आहे, असे या पुस्तकामागचे म्हणणे आहे. मला ते मनापासून पटते. मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की बंद पडलेल्या क्लबचा इतिहास लिहायचा असेल तर दुसरा मार्गच नाही. चालू क्लबला मैदान असते, कार्यालय असते, पुढचा सामना असतो. बंद क्लबकडे फक्त त्याची माणसे उरतात.

महिंद्राचीच माणसे घ्या. खालिद जमील तिथे खेळले; एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे मुंबईचे आणखी दोन संघही त्यांच्या वाट्याला आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईचाच स्टीव्हन डायस उजव्या बगलेवरून धावायचा. तो पुढे प्रशिक्षणात उतरला आणि जमशेदपूरला खालिद यांच्या जोडीने काम करू लागला. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातला एन. पी. प्रदीप, ज्याने २००७ च्या नेहरू करंडकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध एकुलता एक गोल केला, तो त्या वेळी महिंद्राचा होता. मोहम्मद रफी महिंद्राच्या शेवटच्या मोसमात गोलांमागून गोल करत होता; २०१६ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सचा गोल त्यानेच डोक्याने मारून केला. ब्राझीलचा होझे बरेटो लीग जिंकून कोलकात्याला परतला, आणि खेळ संपल्यावर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीतल्या मुलांना शिकवू लागला. आघाडीवर खेळणारा अभिषेक यादव अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यालयात पोहोचला. एका संघातून निघालेल्या वाटा किती लांब जातात, हे एवढ्यावरूनही कळते.

पण ही ठळक नावे झाली. एका मोसमात संघाच्या नोंदणीत पंचवीस-तीस जण असतात. उरलेल्यांना शोधायला वर्तमानपत्र उपयोगी पडत नाही. तिथे चप्पल झिजवावी लागते.

या विषयात नवख्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. जगभर या कामाचे निरनिराळे प्रवाह दिसतात. सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट प्रवाह आकडेवाल्यांचा. इंग्लंडमध्ये हौशी अभ्यासकांनी लीगमध्ये एखादाच सामना खेळलेल्या माणसाचीही जन्मतारीख, गाव, क्लब आणि सामन्यांची संख्या गोळा केली. वरवर हे काम रुक्ष वाटते. पण नाव, तारीख, गाव हाती नसेल तर पुढच्या कुणाला काहीच करता येत नाही. मुंबईच्या हार्वुड लीगमध्ये १९०२ पासून खेळून गेलेल्यांची अशी यादी कुणी केली असती तर आपले निम्मे काम झाले असते.

दुसरा प्रवाह गोष्ट सांगणाऱ्यांचा: मुलाखती, आठवणी, आत्मचरित्रे. कोलकात्यात हा प्रवाह भरून वाहतो, कारण तिथे माजी खेळाडू हा माजी राहतच नाही. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे लोक त्याला म्हातारपणीही रस्त्यात थांबवतात. मराठीत क्रिकेटपटूंबद्दल, पैलवानांबद्दल भरभरून लिहिले गेले. फुटबॉलपटूच्या वाट्याला आलेले लेखन मात्र जवळजवळ सगळे सामन्यांचे आहे. माणसाचे फार थोडे. नोव्ही कपाडियांनी २०१७ च्या ‘बेअरफूट टू बूट्स’मध्ये भारतीय फुटबॉलचा मोठा पट मांडला, पण तो इंग्रजीत, आणि मोठा पट मांडताना एकेका माणसापाशी थांबता येत नाही, हेही खरेच.

तिसरा प्रवाह डॉक्टरांचा आणि हक्कांसाठी भांडणाऱ्यांचा. वेस्ट ब्रॉमविच आल्बियनचा जेफ अ‍ॅसल हेडिंगसाठी नावाजलेला होता. तो २००२ मध्ये वारला तेव्हा मृत्यूच्या अधिकृत चौकशीत कारण नोंदले गेले ते व्यवसायजन्य आजाराचे: वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्याने मेंदूला झालेली इजा. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी साडेसात हजारांहून अधिक माजी स्कॉटिश फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट निघाले. हा अभ्यास शक्य झाला, कारण आकडेवाल्यांनी आधी नावे आणि जन्मतारखा जपून ठेवल्या होत्या. पहिल्या प्रवाहाला रुक्ष म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे असा अभ्यास उद्या करायचा ठरला तर सुरुवात कोणत्या यादीपासून करणार?

आणि चौथा प्रवाह खुद्द क्लबांचा. बार्सिलोनाच्या माजी खेळाडूंची संघटना १९५९ पासून आहे. जर्मनीचा महान गोलवीर गेर्ड म्युलर निवृत्तीनंतर दारूत बुडाला तेव्हा बायर्न म्युनिकने त्याला उपचाराला नेले आणि १९९२ मध्ये क्लबमध्येच प्रशिक्षकाचे काम दिले. पुढची कित्येक वर्षे तो दुसऱ्या संघातल्या पोरांना शिकवत राहिला. क्लबने आपल्या माणसाला धरून ठेवले, एवढीच ती गोष्ट आहे. पण त्यासाठी क्लब जागेवर असावा लागतो.

आता मुंबई. मुंबईच्या फुटबॉलचा पाया कचेरीत होता. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य आणि पश्चिम रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ, निरनिराळ्या बँका: खेळाडूला क्लब करारबद्ध करत नसे, कंपनी नोकरीला ठेवत असे. सकाळी सराव, मग कचेरीत हजेरी, सामन्याच्या दिवशी दुपारी सुटका, परगावच्या स्पर्धेला स्पेशल लीव्ह. पगार, बोनस, पीएफ, ग्रॅच्युइटी, नशीब असेल तर कंपनीचे क्वार्टर. पस्तिशीत खेळ थांबला तरी अठ्ठावन्नपर्यंत टेबल पक्के. निवृत्तीनंतरचे आयुष्य असा वेगळा विषयच नव्हता, कारण ते आयुष्य पहिल्याच दिवशी नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले असे.

या व्यवस्थेबद्दल जुने खेळाडू फार गोडव्याने बोलतात आणि त्यात तथ्य आहे. तिचा भुर्दंडही होता. ज्याच्या नावाने दुपारी मुंबईचे कूपरेज मैदान घुमायचे तो माणूस वीस वर्षांनंतरही त्याच टेबलावर असायचा. बरोबरीच्यांच्या बढत्या झाल्या, परीक्षा झाल्या. हा त्या वेळी रोव्हर्स करंडक खेळत होता. मैदानावर असताना सगळे कौतुक करत, पण वार्षिक अहवालात गोल धरत नाहीत. अनेकांनी मुलांना फुटबॉलपासून लांब ठेवले, याचे एक कारण इथे आहे.

टाटा स्पोर्ट्स क्लबचे नेव्हिल डिसूझा १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरले आणि त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. चौथ्या क्रमांकापुढे आपण ऑलिंपिकमध्ये कधीच गेलो नाही. डिसूझा १९८० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारले. त्या तीन गोलांचे मिनिटवार वर्णन सहज मिळते. नंतरच्या चोवीस वर्षांबद्दल सलग दोन पाने मला मराठीत वाचायला मिळाली नाहीत. १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकना गेलेले गोलरक्षक एस. एस. नारायण बास्केटबॉलही महाराष्ट्राकडून खेळले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते ठाण्यात वारले. ठाण्यात त्यांच्या शेजारून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. नोंद करणारी संस्थाच नव्हती.

कचेरीचा फुटबॉल एका फटक्यात गेला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि गिरण्यांचे संघ गेले. १९९१ नंतर सरकारी कंपन्यांचा आणि बँकांचा खेळाडू भरतीचा हात आखडला. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स करंडक २०००-०१ नंतर झालाच नाही. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग आली, २००७ मध्ये आय-लीग, २०१४ मध्ये आयएसएल. प्रत्येक पायरीवर पैसा वाढला आणि मुदत कमी झाली. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले, कारण आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटींत कंपनीच्या खात्याचा संघ बसत नव्हता. क्लब ही स्वतंत्र कंपनी हवी होती. अट कागदावर योग्यच होती. पण तिच्याबरोबर नोकरीची शेवटची हमीही वरच्या फुटबॉलमधून बाहेर पडली. ज्या बिमल घोष यांनी एअर इंडियाच्या या संघात दोन पिढ्या घडवल्या त्यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा तो संघ वरच्या लीगमधून जाऊन बराच काळ लोटला होता.

नव्या व्यवस्थेत क्लब मोडतो तेव्हा काय होते, हे मुंबई एफसीच्या गोष्टीत स्वच्छ दिसते, म्हणून तिथे जरा थांबतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या या क्लबमध्ये खालिद जमील आधी खेळले, दुखापतींनी लवकर खेळ सोडावा लागला, आणि २००९ पासून तिथेच प्रशिक्षक झाले. हाती पैसा बेताचा. मोठी नावे परवडत नाहीत, म्हणून मुंबईतली पोरे घ्यायची, बचाव घट्ट ठेवायचा, गुण वेचत राहायचे आणि खाली घसरायचे नाही. सात मोसम त्यांनी हे निभावले. प्रेक्षकांना हा खेळ देखणा वाटत नसे, टीकाही झाली. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

ते मिझोरामला ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या मोसमात खाली घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा लीगमध्ये आला होता. खालिद यांनी मुंबईचे आपले जुने खेळाडू, जयेश राणे, आशुतोष मेहता, सोबत नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल भारताचा विजेता ठरला; ईशान्येकडचा पहिला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला, लीगमधून बाहेर पडला आणि बंद झाला.

दोन क्लबांची दोन पुस्तके लिहिली तर एकात विजयाचा सोहळा येईल आणि दुसऱ्यात शेवटचे पान. माणसांच्या मागे चालत गेलो तर ही एकच गोष्ट आहे. मुंबई एफसीत सात वर्षे घासून तयार झालेले फुटबॉलचे शहाणपण मिझोरामला गेले आणि तिथे फळले. मुंबई एफसीने काय कमावले, या प्रश्नाचे खरे उत्तर मुंबई एफसीच्या कपाटात सापडत नाही, ते ऐझॉलच्या कपाटात आहे. मुंबई एफसीतूनच पुढे आलेल्या राहुल भेकेने १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर बंगळुरूसाठी आयएसएलच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल जादा वेळेत केला. क्लब बंद पडून तोवर दोन वर्षे झाली होती. त्या रात्री त्याचे नाव घ्यायला हवे होते.

गोव्यात हे चित्र थोडे वेगळे दिसते. तिथेही धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीग सोडली, पण गाव लहान, चर्चचे मैदान जवळ, आणि माजी खेळाडू डोळ्यांसमोर राहतो. साळगावकरचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मधली पंचवीस वर्षे गोव्याने त्यांना विसरू दिले नाही. आर्मांदो कुलासो यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेता केलेल्या धेंपोकडे पाहा: समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, सगळे प्रशिक्षणात आले. मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. एकाच खोलीत कपडे बदलणारी माणसे पुढे देशभर शिकवतात तेव्हा त्या खोलीत काय बोलले जात होते, हा अभ्यासाचा विषय होतो. डेरिक परेरा हे गोवा आणि मुंबई जोडणारे नाव. साळगावकरचा हा बचावपटू २००५-०६ मध्ये महिंद्राचा प्रशिक्षक म्हणून लीग जिंकला, आणि मग पुणे एफसीला गेला. तोही क्लब आज नाही.

आणि कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस: इथे क्लब पेठेचा आहे आणि पेठ बंद होत नाही. खेळाडूचा खेळ संपतो, पण तालमीतली त्याची जागा राहते. संध्याकाळी तो कट्ट्यावर असतो, शाहू स्टेडियमवर सामना असला की गॅलरीत असतो, आणि पुतण्याने चेंडू उजव्या पायावर घेतला की बसल्या जागेवरूनच ओरडतो. पैसा फारसा नाही, वरच्या लीगची वाट कठीण आहे. अनिकेत जाधवसारखा एखादा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोहोचतो. तरीही माजी खेळाडूला हरवू न देण्याच्या बाबतीत कोल्हापूरने मुंबईला, आणि खरे तर सगळ्या देशाला, काही शिकवावे अशी परिस्थिती आहे.

मी हे चिंचणीत बसून लिहितो आहे. डहाणू तालुक्यातले हे किनाऱ्याचे गाव. एका अंगाला तारापूरचा किल्ला आणि १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र, आतल्या बाजूला बोईसरची एमआयडीसी. मोठ्या क्लबचा इतिहास इथे नाही. ओहोटी लागली की किनाऱ्यावरची वाळू घट्ट होते आणि पोरे चपला मांडून गोल करतात, इतकेच. पण मुंबईच्या फुटबॉलला माणसे पुरवणाऱ्या पट्ट्याचे हे दुसरे टोक आहे, आणि जी माणसे तिथे राहू शकली नाहीत ती परत याच टोकाला येतात. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून निवड चाचणीसाठी पहाटे निघणाऱ्या पोरांची संख्या वाढली. परत येणाऱ्यांची मोजदाद कुणी केलेली नाही.

आमच्या भागात सोन्याच्या दागिन्यांच्या डाय कोरण्याचा धंदा जुना आहे. अशाच एका डायमेकरच्या ओटीवर मी एक फोटो पाहिला. कचेरीचा संघ, दोन रांगा, पुढे करंडक, खाली बारीक अक्षरांत नावे. हे गृहस्थ उभ्या रांगेत उजवीकडून दुसरे. सामन्यांची संख्या विचारली तर हसले. बहुतेक वेळ बाकावरच गेला, म्हणाले. कंपनीचा विभाग बंद झाला, पैसे मिळाले ते घराच्या पत्र्यांना गेले, मग वडिलांच्या धंद्यात आले. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी उतरवायला मांडी घालून बसायची रीत. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून त्यांनी उंच स्टुलाच्या मापाचे टेबल करून घेतले आहे. त्या फोटोतली नावे मात्र त्यांना सगळी पाठ आहेत, आणि कोण कुठे आहे हेही. एक ओमानला, एक रेल्वेत तिकीट तपासनीस, दोन गेले, एकाची अकादमी मीरा रोडला, एकाचा फोन लागत नाही. क्लबकडे नसलेले दप्तर त्या ओटीवर आहे. या पुस्तकाच्या संपादकांना असेच लोक गाठावे लागले.

हे आत्ताच का, असे कुणी विचारील. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा मोसम लांबणीवर पडला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचा ठरत नव्हता. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि प्रशिक्षकांचे पगार बेमुदत थांबवले. देशातल्या सर्वांत नीटनेटक्या समजल्या जाणाऱ्या क्लबांपैकी तो एक. ज्या महिन्यात मुंबईच्या बंद क्लबांत घडलेला माणूस भारताचा प्रशिक्षक झाला, त्याच महिन्यात चालू क्लबांतल्या खेळाडूंना पुढचा पगार केव्हा हे ठाऊक नव्हते. 

म्हणजे महिंद्रा, मुंबई एफसी, पुणे एफसी यांच्या खेळाडूंनी जे भोगले ते जुने प्रकरण नाही. आज तेवीस-चोवीस वर्षांचा असलेल्या पोराचे ते उद्याचे आयुष्य आहे. त्याला कुणी सांगावे की तुझ्या आधीच्यांनी क्लब बुडाल्यावर काय केले? कोणी खेळता खेळताच प्रशिक्षकाचे ‘डी’ लायसन्स घेतले आणि ते उपयोगी पडले. कोणी शिक्षण अर्ध्यात सोडले आणि पस्तावला. कोणी खेळाडू कोट्यातून पोलिसात गेला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणी केला, विमा होता का, करारात दुखापतीचे कलम कुणी वाचले होते? खेळाडूंची संघटना आपल्याकडे २००६ पासून आहे, पण तिलाही दाखवायला अशी उदाहरणे हवीत, आणि ती नावागावानिशी जमवल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत.

या पुस्तकाने काय केले आहे आणि काय केलेले नाही, तेही सांगतो. हा सर्वसंग्रह नाही. मुंबईच्या मोडलेल्या संघांभोवती ते फिरते. गोवा आणि कोल्हापूर तुलनेपुरते येतात. प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध यांना सारखीच जागा द्यायची, असा निर्णय संपादकांनी सुरुवातीला घेतला आणि तो पाळला. राखीव गोलरक्षकाला मिळालेली पाने राष्ट्रीय संघाच्या खेळाडूपेक्षा कमी नाहीत, आणि माझ्या मते वाचनीयही जास्त आहेत, कारण त्याने सामना बाहेरून पाहिलेला असतो. फिजिओ, मैदानाचा माळी, किट सांभाळणारा यांनाही ‘माजी’ धरले आहे. ते योग्यच आहे.

पडझडीच्या गोष्टी गोळा करून वाचकाला हळहळायला लावणे सोपे होते. ब्राझीलचा गर्रिंचा गरिबीत मेला, ही गोष्ट फुटबॉलचे जग १९८३ पासून सांगत आहे आणि तिने एकाही गर्रिंचाचे भले झाले नाही. इथे ज्यांचे बरे चालले आहे त्यांचेही तितक्याच तपशिलाने आले आहे: वसईत टेम्पोचा धंदा करणारा, शाळेत पीटी शिकवणारा, मुलीला डॉक्टर करणारा. फुटबॉलने यांना काय दिले आणि काय काढून घेतले, हे त्यांच्याच तोंडून येते. जिथे कुणी म्हणाले की एवढे छापू नका, तिथे ते छापलेले नाही. काही पाने त्यामुळे त्रोटक वाटतील. माणूस जिवंत असताना त्याच्या आयुष्यावर त्याचाच अधिकार पहिला, आणि त्रोटक पान मला चालते.

उणीव आहे ती स्त्री खेळाडूंची. त्यांच्या संघांना कचेरीची नोकरीही अभावानेच मिळाली आणि व्यावसायिक करारही. लग्नानंतर आडनाव आणि गाव बदलले की माग तिथेच तुटतो. संपादकांना याची जाणीव आहे आणि ते काम स्वतंत्रपणे सुरू झाले आहे. ते या पुस्तकात कोंबले असते तर दोन्हींचे नुकसान झाले असते, हे त्यांचे म्हणणे मी मान्य केले, तरी रुखरुख राहते.

वाचकांना एक विनंती. पुस्तकाच्या अखेरीस काही संघांचे फोटो छापले आहेत आणि त्यांत अनेक चेहऱ्यांखाली जागा कोरी आहे. नाव माहीत असेल तर कळवा. नाव आठवत नसेल पण तो कोणत्या जागी खेळायचा, कोणत्या स्टेशनवर उतरायचा, कोणत्या खात्यात कामाला होता, एवढे आठवत असेल तरी कळवा. आत्तापर्यंतच्या कितीतरी नोंदी तेवढ्याच धाग्यावरून पुऱ्या झाल्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीचे काम त्या कोऱ्या जागांपासून सुरू होणार आहे, आणि फोटोतल्या सर्वांत तरुण खेळाडूंनीही आता पन्नाशी गाठली असल्याने ते लवकर झालेले बरे.

चिंचणी, जि. पालघर